दुमडलेले समास

अण्णा,

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही. आज लिहितेय ते मायेचा उमाळा आला म्हणून नव्हे, राग आला म्हणून. गेले दोन महिने माझ्या टेबलावर एक पुस्तक आहे. साधारण सातशे वर्षांपूर्वीचं, कातड्याच्या पानांवर हाताने लिहिलेलं, लॅटिन स्तोत्रांचं पुस्तक. साल्टर म्हणतात त्याला. तेही तुमच्यासारख्याच कुणा बाइंडरच्या हाताखालून एकदा गेलेलं आहे, आणि त्या माणसाने काय केलं ते पाहिल्यापासून माझ्या डोक्यात तुमच्याबद्दलची जुनी तिडीक पुन्हा उठली आहे.

तुम्ही सिंगापूरला कधी आला नाहीत. आम्ही सेम्बावांगला राहतो आणि मी आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये कामाला जाते. इमारतीत खाली-वर सगळीकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या, आणि पाचव्या मजल्यावर आमची चार माणसांची वर्कशॉप, जुनी पुस्तकं आणि कागद दुरुस्त करणारी. मी इथे नोकरीला लागले तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होतात, एवढं शिकून विमानाने जाऊन शेवटी बाइंडरच झालीस. तुमचे जावई ते ऐकून हसले. मला ते अजून झोंबतं, कारण नाशिकच्या दुकानात मी दहाव्या वर्षापासून खळ शिजवत होते, पानांचे गठ्ठे करून जुजं शिवत होते, आणि तुम्ही एकदाही या मुलीचा हात चांगला आहे असं म्हणाला नाहीत. वाईट शिवण मात्र दहा माणसांदेखत उसवून दाखवायचात.

हे पुस्तक तुम्ही बघायला हवं होतं. सुरुवातीला बारा महिन्यांचं कॅलेंडर आहे, एका पानाला एक महिना. कोणत्या दिवशी कोणत्या संताचं स्मरण करायचं ते लिहिलेलं. मोठे दिवस लाल शाईत, फार मोठे सोन्यात. प्रत्येक महिन्याच्या तळाशी त्या महिन्याचं काम आणि त्या महिन्याची रास. फेब्रुवारीत जोडे काढून शेकोटीशी पाय शेकणारा म्हातारा आणि मीन, जूनमध्ये गवत कापणारा गडी आणि कर्क. आईने त्या राशी बघताक्षणी ओळखल्या असत्या. मग एकशे पन्नास स्तोत्रं. पहिल्याचं पहिलं अक्षर, 'बी', अर्धं पान व्यापून बसलंय आणि त्याच्या पोटात एक राजा वीणेसारखं वाद्य वाजवतोय. सोनं नुसतं फासलेलं नाही. खाली खडूचा लेप देऊन फुगवलंय, वर घोटलंय, आणि ते अजून चमकतं. अशी मोठी अक्षरं आठ ठिकाणी आहेत, कारण सगळी स्तोत्रं आठवड्यात म्हणून संपवायची आणि रोज कुठून सुरू करायचं ते पान उघडताच दिसायला हवं. एका अक्षरात तोच राजा जिभेकडे बोट दाखवतोय, एकात कुणी गळ्यापर्यंत पाण्यात बुडालाय, एकात घंटा वाजवणं चाललंय. ओळ मध्येच संपली तर उरलेली जागा रिकामी ठेवलेली नाही, तिथे लांबट मासे आणि शेपटीचे प्राणी आहेत. शेवटी संतांची नावं घेत केलेली लांबलचक विनवणी आणि गेलेल्या माणसांसाठी म्हणायचं ते.

आणि समासात एका बाईचं अक्षर आहे. पुस्तकाबरोबर एका अभ्यासकाचं टिपण आलंय, त्यात तिच्या मजकुराचं इंग्रजी दिलंय. अमुक दिवशी भाऊ गेला. अमुक स्तोत्र मुलाच्या तापात म्हटलं. हात दुखतो. बारीक, तिरपं, घाईचं अक्षर, त्या शिस्तीत लिहिलेल्या पानांच्या कडेने कसंबसं बसवलेलं.

तुम्हाला आईची वही आठवत असणारच. पहिल्या पानांवर घरच्यांच्या तिथ्या, जन्माच्या आणि श्राद्धाच्या, उपासांची यादी. मग स्तोत्रं, आरत्या, वाराप्रमाणे. लाल शाईचं पेन नव्हतं म्हणून तिने देवांची नावं कुंकू कालवून लिहिली होती. आणि समासात सगळीकडे तिचं स्वतःचं. आज दूध नासलं. आज कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ह्यांनी भाजी न बोलता खाल्ली. आजारपणात तर ती समासातच जास्त लिहायची; देवाचं आधी लिहून झालं होतं, उरलेली जागा तिची होती.

ती गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत वही बांधून व्हावी, असं आत्याच्या मनात आलं. मी सोळा वर्षांची होते. दुकानातल्या तुमच्या नियमांपैकी पहिला मला पाठ होता: बाइंडरने वाचायचं नसतं. वाचायला बसलात तर कामं कोण उपसणार, म्हणायचात. कोर्टाचे खटले असोत, कॉलेजचे प्रबंध असोत, कुणाची प्रेमपत्रं असोत, आपल्याला फक्त कडा दिसल्या पाहिजेत. दुसरा नियम, तिन्ही बाजू कापल्याशिवाय पुस्तक दुकानातून बाहेर पडता कामा नये. आईची वही मी शिवली. पाठीला खळ लावली, वाळू दिली. मग तुम्ही ती कटिंग मशीनमध्ये घातलीत, चाक फिरवून दाबलीत आणि दांडा ओढलात. एक बाजू, दुसरी, तिसरी. खाली कातरण पडलं, सगळं अक्षरांनी भरलेलं, आणि तुम्ही वही उचलून कडेवरून अंगठा फिरवलात. कडा अगदी सरळ आल्या होत्या. नंतर ते कातरण रद्दीच्या पोत्यात गेलं.

श्राद्धाच्या दिवशी आत्याने वही उघडली आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर तुम्हाला धारेवर धरलं. अरे, तिची दोन अक्षरं होती, तीही तुला बघवली नाहीत का? मेल्यावरसुद्धा तिला गप्प बसवलंस, असंही म्हणाली. तुम्ही पानावर मान खाली घालून "चुकलं" एवढंच म्हणालात आणि भात कालवत राहिलात. ते 'चुकलं' मी आयुष्यभर तुमच्याविरुद्ध वापरलं. लग्न होऊन मी निघाले तेव्हा तीच वही तुम्ही मला दिलीत, मरून रंगाच्या रेक्झिनची, पाठीवर आईचं नाव सोनेरी अक्षरात उठवलेली. मी ती घेतली, वाकून नमस्कार केला, आणि पुढची वीस वर्षं तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुमच्या शेवटच्या आजारपणात आले तीसुद्धा चार दिवसांसाठी. तुम्ही काही बोलाल म्हणून वाट बघितली. तुम्ही फक्त विचारलंत, तिकडे खळीला बुरशी लागत असेल ना फार, दमट हवेत?

माझ्या मुलीला मराठी वाचायला सावकाश येतं. मागे एकदा ती आजीची वही घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, व्हाय द वर्ड्स ऑल कट हाफ वन?" कडेला कुठे कुठे अर्धी अक्षरं राहिलीत, नुसते काने आणि वेलांट्या. मी सांगितलं, तुझ्या आजोबांनी कापली. का, विचारलं तिने. मी म्हटलं, ते तसेच होते. ती वही मिटून म्हणाली, "सो मीन." मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

आता त्या दुसऱ्या बाइंडरचं सांगते. साल्टर लिहून झाल्यावर दोन-अडीचशे वर्षांनी कुणीतरी ते नव्याने बांधलं. त्यानेही कडा कापल्या. एका पानावर वेलीवर बसलेल्या सशाचे कान त्यात गेलेत. पण जिथे जिथे त्या बाईचं लिहिलेलं अगदी कडेपर्यंत गेलं होतं तिथे त्याने पानाचा तेवढा तुकडा आधी आत दुमडला आणि मग पातं चालवलं. अशा चार जागा आहेत. ते पान उघडलं की दुमड उलगडायची, तिच्या ओळी पूर्ण दिसतात. ती बाई त्याची कुणी नव्हती, केव्हाच मातीत गेलेली होती. त्याला लॅटिन येत होतं की नाही कुणास ठाऊक. हे कुणीतरी मनापासून लिहिलंय एवढं त्याला दिसलं आणि तो दोन मिनिटं थांबला. पहिली दुमड उघडली तेव्हा मला तुमचा इतका संताप आला की मी हातमोजे काढून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. तुम्हाला मराठी वाचता येत होतं, अण्णा. आणि ते अक्षर तुमच्या बायकोचं होतं.

पुस्तकाचे मालक एक निवृत्त डॉक्टर आहेत, चिनी, ख्रिस्ती, पंच्याहत्तरीचे. फार सज्जन माणूस. परवा ते काम बघायला आले. त्यांची तक्रार रास्त होती. ते रविवारी चर्चहून आल्यावर पुस्तक उघडून बसतात आणि त्या दुमडी पान उलटताना अडकतात, एक तर फाटायला लागलीय. त्यांनी टेबलावर वाकून दुमडीच्या बाजूला बोट ठेवलं, थोडं पुढे सरकवलं, थोडं मागे घेतलं, आणि मला विचारलं, "सो कट हाऊ मच? यू टेल मी लाह."

मी म्हटलं काहीच कापायचं नाही. फाटलेल्या ठिकाणी पातळ कागदाचा आधार देईन, दुमडी दबणार नाहीत अशी पेटी करून देईन, पान कसं उलटायचं ते शिकवेन. त्यांनी मान डोलावली, ओके ओके म्हणाले आणि खाली कॉफी घ्यायला गेले. इतकं सोपं होतं ते. मी मात्र त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. वही शिवायच्या आधी मी ती वाचली होती, सगळी. शेवटाकडच्या एका पानाच्या समासात आईने लिहिलं होतं, हिला म्हटलं पाय चेप, म्हणाली अभ्यास आहे. अभ्यास नव्हता. मी खिडकीत बसून होते ते तिला अंथरुणावरून दिसत होतं. ही ओळ आत्या वाचेल, श्राद्धाला आलेलं प्रत्येक माणूस वाचेल, या भीतीने मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

तुम्ही वही मशीनमध्ये ठेवलीत ती अगदी कडेला, पातं अक्षरांच्या बाहेर जेमतेम एक दोरा पडेल अशी. आयुष्यात कुणाला काही विचारलं नाहीत तुम्ही, पण त्या दिवशी दांड्यावर हात ठेवून थांबलात आणि मला विचारलंत, एवढंच घेऊ ना? मी म्हटलं, नाही, अजून आत घ्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पुन्हा म्हटलं, अजून.