योगराजच्या नावाने उघडणारं मशीन

७ एप्रिल २०२५

आज सुरतेत, पांडेसऱ्यातल्या कापडछपाईच्या मिलमध्ये कामाला लागले. डिझाइन रूम वरच्या मजल्यावर आहे आणि छान गार आहे. खाली छपाईची धडधड आणि वाफेचा वास, पण वर काचेचं दार लावलं की काही ऐकू येत नाही. शेठनी पेढा दिला. म्हणाले, योगराज गेला ते वाईट झालं, पण त्याची खुर्ची घरच्याच माणसाला मिळाली. फेब्रुवारीत हे गेल्यापासून मला कुणी गोड दिलं नव्हतं. मी तो पेढा तिथेच खाल्ला. बरं वाटलं.

लग्नानंतर मी शिंदखेड्याला आणि हे सुरतेला. तिथे कॉम्प्युटरवर डिझाइनचा क्लास केला होता, तो आता कामी आला. सणावाराला यायचे. आता उधन्यातल्या ह्यांच्या खोलीत मी आणि माझ्या सासूबाई, उषाबाई, राहतो. खोली लहान आहे, पण गॅलरीत ऊन येतं.

शेजारच्या मशीनवर धनश्री बसते. मूळची अमळनेरकडची, पण वाढली इथेच, बोलताना मध्येच गुजराती होते. तिने मला पाणी कुठे, जेवायचं कुठे, सगळं दाखवलं. मुलगी चांगली आहे. ह्यांच्या शेजारी ती रोज बसायची.

८ एप्रिल

मशीन अजून ह्यांच्याच नावाने उघडतं. नवीन नाव घालायला वेळ लागेल, तोवर हेच चालवा, असं शेठ म्हणाले. मलाही तेच हवं होतं. पण डिझाइनचा प्रोग्राम सुरू होता होता अडकला. सेटिंगची फाईल वाचता येत नाही असं दाखवलं आणि बंद पडला.

कॉम्प्युटर बघणारे दीपकभाऊ लातूरकडचे आहेत. ते म्हणाले, ताई, प्रोग्रामला काही झालेलं नाही, माणसाचं सेटिंग बिघडलंय. त्यांनी ह्यांच्या सेटिंगच्या फोल्डरला वेगळं नाव दिलं. जुनं फोल्डर सापडलं नाही की प्रोग्राम स्वतःच कोरं नवीन बनवतो. तसंच झालं, लगेच उघडला.

पण सगळं कोरं. दीपकभाऊ म्हणाले, ह्यांनी स्क्रीनवरची हत्यारं डाव्या बाजूला लावलेली असायची; हे डावखुरे होते. ती उजवीकडे गेली. ह्यांचे रंग गेले. मला ते बघवेना. जुनं परत आणता येईल का, असं विचारलं. दीपकभाऊ म्हणाले, एकेक फाईल परत ठेवा आणि दर वेळी प्रोग्राम सुरू करून बघा. जिच्यावर अडेल ती खराब. पण कशाला त्रास घेता, नवीन चांगलं आहे की.

१० एप्रिल

सापडली. बाकी सगळ्या फाइली नीट आहेत, रंगपेटीची तेवढी बिघडली आहे. साध्या अक्षरांतली फाईल आहे, उघडून वाचता येते. खालचा भाग नुसते चौकोन. वरच्या भागात ह्यांनी तयार केलेले रंग, प्रत्येकाला ह्यांनी दिलेलं नाव. कैरी. कांदा गुलाबी. केळीचं पान. वाचताना हसू येत होतं.

मग 'धनश्री अबोली'.

पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. माझ्या नावाचा रंग नाही.

ती ओळ काढली, चौकोन पुसले, फाईल सेव्ह केली. प्रोग्राम उघडला.

११ एप्रिल

सकाळी पुन्हा तोच अडथळा. फाईल उघडली तर चौकोन परत आलेले. 'धनश्री अबोली' पण परत, आणि आता सगळ्यात वर.

१५ एप्रिल

रोज काढते, रोज परत येते. दीपकभाऊंनी कारण सांगितलं. सेटिंग मिलच्या मोठ्या मशीनवर असतं. एकाच नावाने दोन ठिकाणी प्रोग्राम उघडला तर दोघेही एकाच फाइलीत लिहितात आणि ती बिघडते. म्हणजे ह्यांच्या नावाने अजून कुणीतरी बसतं.

अजून कोण बसणार? जेवताना मी धनश्रीला विचारलं. ती म्हणाली, भाभी, मला त्यांचा पासवर्ड पण नाही माहीत. मी म्हटलं, बाकी सगळं माहीत असेल. तिने डबा झाकला आणि उठली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी उषाबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "जित्ता व्हता तवय तुना व्हता. आते समदास्ना शे." जिवंतपणी माझा, आता सगळ्यांचा, म्हणे. मी जेवले नाही.

१८ एप्रिल

शेठना सांगितलं की धनश्री माझ्या फाइलींना हात लावते. त्यांनी तिला मिलच्या इच्छापोरच्या युनिटला पाठवलं. तिचं मशीन पण उचलून नेलं. आता खोलीत मी एकटी आणि ह्यांची खुर्ची. शांत झोप लागेल.

२१ एप्रिल

बिघडली. पुन्हा तीच ओळ वर.

दीपकभाऊंनी नोंदी काढल्या. दुसरं मशीन नाहीच. ह्यांचं नाव दोनदा उघडतं, आणि दोन्ही वेळा ह्याच मशीनवरून. एक मी. ते म्हणाले, ताई, मागचं राहू द्या, कोरं सेटिंग वापरा. आवाज हळू केला होता त्यांनी.

मी घाबरले नाही. खोटं कशाला लिहू, आनंद झाला. हे येतात. मी इथे आहे म्हणून येतात.

फाइलीत एक ओळ घातली. 'उज्ज्वला हळदी'. माझ्या लग्नातल्या शालूचा रंग, आठवून आठवून जुळवला.

२२ एप्रिल

माझी ओळ नाही. तिची आहे.

२४ एप्रिल

धनश्री घरी आली. उषाबाईंनी चहा टाकला. ती खाटेच्या कडेला बसली, ओढणी नव्हती घेतली. म्हणाली, भाभी, तिथे पण माझा प्रोग्राम अडकतो. माझ्या रंगपेटीत तो अबोली एकच रंग राहतो.

मग सांगितलं. तिच्यात आणि ह्यांच्यात काही नव्हतं. हे दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. एकदा तिच्या अबोली ओढणीचा तुकडा कापून नेला, रंग जुळवायला. तिने शेठकडे तक्रार केली, तेव्हा शेठ हसले. नंतर तिने ती ओढणी जाळली. म्हणाली, मी हात जोडते, ते जुनं सेटिंग काढून टाका. तुम्ही ठेवलंय म्हणून ते आहेत.

उषाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून कधी फिरवला नाही.

मी तिला म्हटलं, बघते. ती गेल्यावर मनात एकच राहिलं. दिवसभर. ह्यांनी मला दिवसभर कधी पाहिलं?

२८ एप्रिल

बाजारातून अबोली ओढणी आणली. फाइलीतल्या रंगाशी जुळवून घेतली. मग त्या ओळीतलं धनश्रीचं नाव खोडून माझं लिहिलं. रंग तोच ठेवला.

२९ एप्रिल

न अडकता उघडला. ओळ तशीच आहे. 'उज्ज्वला अबोली'. धनश्रीचा फोन आला, तिचं मशीन नीट चाललं, ती रडत होती. आभार मानले तिने माझे.

३० एप्रिल. आखाजी, अक्षय्य तृतीया

गेलेल्या माणसाच्या नावाने भरतात ती घागर, ह्यांची पहिली. उषाबाईंनी पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या केल्या. नात्यातल्या लोटूमामांना ह्यांच्या नावाने जेवायला बसवलं. उषाबाई म्हणाल्या, फूल वाहा आणि मनात म्हण, आता सुखाने जा.

फूल वाहिलं. मनात म्हटलं, माझ्याकडेच थांबा.

लोटूमामांनी घास खाली ठेवला. डाव्या हातात होता. माझ्याकडे बघत होते. उषाबाई ओरडल्या तेव्हा दचकले आणि उठून गेले.

२ मे

काम होत नाही. मान डावीकडे वळवता येत नाही. तिथे धनश्री बसायची; आता मशीन नाही, खुर्ची नाही, काही नाही. पण गालाच्या त्या बाजूला — ऊन लागावं तशी नजर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

३ मे

रंगपेटीत एकच ओळ. बाकी सगळे रंग गेले. कैरी पण.

घरी पण. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. उषाबाई माझ्याकडे बघतात आणि माझ्या मागे बघतात. मागे मुलगा दिसला असावा, तरी त्याला हाक मारली नाही त्यांनी. मला म्हणाल्या, "काय करी बसनी तू, माय."

५ मे

दीपकभाऊ आले. ते जुनं काढून टाकलं, त्यांच्यासमोर. कोरं सेटिंग. सुरू केलं. कोऱ्या रंगपेटीत तीच ओळ —

ते बॅग न घेताच खाली गेले.

हे आता फाइलीत नाहीत. मी नाव माझं लिहिलं ना. माझ्या नावावर —

६ मे

धनश्रीला फोन करून माझ्या ओढणीचं सांगितलं. विचारलं, तू कसं सहन केलंस? ती म्हणाली, भाभी, मी ओढणी जाळली. तुम्ही पण जाळा.

८ मे

जाळली. उषाबाईंनी राख नळाखाली धुतली. दोघी रडलो.

९ मे

गळ्यात आहे. सकाळी उठले तेव्हा गळ्यात.

१० मे

मिलमध्ये. जेवणाची सुट्टी. सगळे खाली आहेत, त्यांचं हसणं ऐकू येतं, म्हणजे दार उघडं आहे. मी लावलं होतं. डावीकडे बघणार नाही. लिहीत राहते, लिहिताना बरं — ओढणीचं टोक डावीकडे कशाततरी अडकलंय. खुर्चीच्या चाकात असेल. सोडवते आणि मग —