लामोने आडनावाची दोन घरं

१२ जानेवारी, रवि.
पाव्हणे येऊन गेले. उरलेले पोहे संध्याकाळी आम्हीच खाल्ले. गिळले म्हणावं.

आमच्या सुजाताला बघायला संतपूरहून घर आलेलं. मुलगा आनंद, गुलबर्ग्याला ही ज्या दवाखान्यात लॅबला, तिथंच ऑफिसला. वडील लक्ष्मणराव बोलके, आई गरीब स्वभावाची. जय भीम झालं, चहा झाला, तुरीची चौकशी झाली. मग माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, नेहमीचा प्रश्न टाकला. "बरं, आडनाव काय म्हणलात?"

"लामोने."

हे बिस्किटांची ताटली घेऊन उभ्याचे उभेच. अप्पांनी कप खाली ठेवला. कारण आम्ही पण लामोने. ह्या मुलखात आमच्या भावकीबाहेर हे आडनाव मी कधी ऐकलं नाही. रेशनवर, बँकेत, कुठंही दोनदा सांगावं लागतं. आम्ही पण तेच म्हटल्यावर लक्ष्मणरावांना आधी थट्टाच वाटली.

ते गेल्यावर सु.ला धरलं. वर्षभराची ओळख आणि आडनाव माहीत न्हाई? ती म्हणे, ऑफिसात तो आनंद एस. एल. आणि मी सुजाता सी. बी. गावाचं एक अक्षर, बापाचं एक अक्षर, इकडचा कानडी रिवाज. एस म्हणजे संतपूर, एल म्हणजे लक्ष्मण, आडनाव त्यात येतच नाही. "मग विचारलं न्हाईस कामून?" तर म्हणते, "आई, आडनाव विचारणं म्हंजे जात विचारणं. विचारायचंच न्हाई असं आमी दोघांनी ठरवलेलं."

शिकवलं आपणच.

१३ जाने., सोम.
अप्पांचा निकाल: एक आडनाव, एक रक्त. भाऊ-बहीण लागतात. विषय बंद.

सु. पहिल्या गाडीनं गुलबर्ग्याला गेली, न जेवता.

ती गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. निजामाच्या फौजेत फ्रान्सचे गोरे होते. त्यातला एक तोफवाला, लामोन साहेब, इकडंच राहिला, आपल्यातली बाई केली, आणि समदे लामोने त्या एकाचे. भावकीत कुणी घाऱ्या डोळ्यांचं जन्मलं की अप्पा पुरावा म्हणून दाखवणार. सु. माझ्यावर गेली, सावळी, तिला कधी पुराव्यात धरलं नाही. मी माहेरची उदगीरची गायकवाड. हे आडनाव मला लग्नात आलं, आहेराच्या भांड्यासारखं. आणि त्याच्यापायी माझ्या पोरीचं मोडायचं?

डोकं तापलंय. एका बाईच्या ब्लाउजला बाही उलटी लावली, परत उसवली.

१७ जाने., शुक्र.
सु.चा फोन. नेटवर शोधत बसते. फ्रान्समध्ये सुद्धा हे आडनाव फार थोड्यांचं, म्हणे. डोंगराकडच्या एका कोपऱ्यातली काही गावं, बाकी कुठं कुठं एखादं घर. मूळ एका वस्तीवरनं पडलं असावं, असं तिथलेच लोक लिहितात. वस्तीत राहील तो लामोन, मग रक्ताचा असो नसो. आणि तिकडं एका आडनावात लग्नं होतात, कुणी हटकत नाही.

अप्पांना सांगितलं. "तिथलं तिथं," एवढंच.

मग ती म्हणाली, फोन अप्पांना दे. तिच्या लॅबमधल्या कुणीतरी सांगितलंय, थुंकी पाकिटात घालून पाठवली की कुळी कळते. पाठवू या का? अप्पा चिडतील असं वाटलं होतं, चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्या सावलीला न् थुंकीला गाव भ्यायचं, बाई. आता तीच पाकिटात घालून दुसऱ्याला इचारू, मी कोण हाय म्हणून?" फोन माझ्याकडं दिला.

१९ जाने., रवि.
संतपूरला जाऊन आले. हे विचारत होते, "कुठं जायलीस?" म्हटलं बीदरला अस्तराचं कापड आणायला. बीदरला गेले हे खरं, पण तिथून संतपूरवरनं जाणारी औरादची गाडी धरली.

लक्ष्मणराव रानात होते, तुरीचं खळं चाललेलं. कणसाच्या भुशानं सगळे पांढरे. नाही, भुसा तुरीचा, कणीस कुठलं, मीही काय लिहितेय. दमले आहे.

सरळ विचारलं, तुमच्यात आडनाव कुठनं आलं म्हणून सांगतात?

"साहेबाचा तळ हुता, ताई. तोफा वढायला बैलं लई लागायची. आमचा थोरला म्हातारा त्या बैलांला गवत कापून घालायचा. साहेब गेला, माणसं राहिली. कुणाची माणसं? तर लामोन साहेबाची. गवत कापणारा, पाणी वतणारा, शेण काढणारा, समदे लामोने. रक्ताचं काय न्हाई त्यात."

"आणि साहेबाची लेकरं?"

"आसतील की. आमी न्हाई त्यातले."

किती सहज बोलला माणूस. बायकोनं भाकरी-पिठलं केलं, निघताना रानातल्या शेंगा दिल्या. येताना गाडीत मी मनातल्या मनात लग्नाची साडी पण निवडली.

२० जाने., सोम.
अप्पांना सगळं सांगितलं. म्हटलं बघा, तुमचंही खरं, त्यांचंही खरं. तुम्ही साहेबाचे, ते गवतवाल्याचे. रक्त वेगळं. मिटलं ना?

अप्पा मला खुळी समजल्यागत बघत होते. "आज ते गवतवाले म्हणले. आडनाव तळावरच्या समद्यांना मिळालं म्हणल्यावर उद्या कुणी इचारंल, मग तुमी तरी साहेबाचे कशावरनं? काय सांगू? डोळे दाखवू?"

हा विचारच मी केला नव्हता.

मग स्वतःच बोलायला लागले. "शकू, शाळेत मला दाराभाईर बसवायचे. मास्तर पाटी लांबनं बघायचा. पोरं नावं ठेवायची. मी म्हणायचो, मी तोफवाल्याचा हाय. त्यानं मार काय चुकायचा न्हाई. पण मी रडायचो न्हाई. दीक्षा मागनं घेतली. तवर माझ्या पाठीशी कोण हुतं?"

मी भाकरी थापत राहिले. इतकी वर्षं त्या साहेबाला मनात हसत आले मी. आता राग आहेच, पण कुणावर धरू कळत नाही.

२५ जाने., शनि.
सु. आली. अप्पांना चहा नेऊन दिला, पाया पडली, बोलली नाही. मग माझ्या मशीनपाशी येऊन बसली. पळून जायचं नाही म्हणते. "अप्पांनी डोक्यावर हात ठेवला तरच करीन. आन् आई, त्यांना छळू नगंस."

म्हणजे दोन्ही पाहिजे. आजा पण, नवरा पण. माझीच पोर.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, अप्पा म्हणतील तसं. आमच्या लग्नात पण हेच म्हणाले होते.

३१ जाने., शुक्र.
लक्ष्मणराव एकटेच आले, हुरडा घेऊन. नाही म्हणणार असाल तर तोंडावर म्हणा, पोरगा झुरायलाय, एवढंच सांगायला. अप्पांनी शेजारी बसवून घेतलं. मी शिवायचं सोडून दारात उभी.

अप्पांनीच काढलं. "तुमचं थोरलं गवत कापायचं म्हणं."

"व्हय."

"आमचं शेण काढायचं. त्याच बैलांचं."

हे आतून आले आणि बापाच्या तोंडाकडं बघत राहिले. पन्नाशी उलटली ह्यांची, हे वाक्य ह्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

लक्ष्मणराव म्हणाले, "मग तर सोयरीक व्हायला काय अडचण न्हाई." अप्पा म्हणाले, "भावकीला इचारावं लागंल. हैदराबादकडची ऐकायची न्हाईत." पण हुरडा खाल्ला, पाव्हण्यालाही दिला.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "अप्पा, खरं का हे?"

"कुणाला ठाव, शकू. मी काय तळावर हुतो?" मग म्हणाले, "पोरीला सांग, आपण शेणवाल्याचे. तिच्या लेकरांना मातूर काय सांगायचं ते मला इचारू नका."

मला रडू आलं. अप्पांसमोर नाही, मोरीत जाऊन.

हे हैदराबादला फोन लावायलेत, आवाज चढलाय. माझ्या फोनवर सु.चे कॉल येऊन गेले. तिला अप्पांचा हात पाहिजे होता, तो मिळाला. त्यापायी अप्पांनी आपला तोफवाला साहेब सोडला, हे सांगितलं तर ती तो घेणार नाही, मी ओळखते तिला. न सांगता लग्न लावायचं तर भावकीचं तोंड बंद करायला सगळ्यांसमोर अप्पा तेच पुन्हा बोलणार, आणि ती मांडवात ऐकणार.

अजून तिला फोन केला नाही.