बरडे यांच्या घराची भिंत कोणी रिकामी केली, याबाबत

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
जमात दाखला पडताळणी समिती,
विभागीय कार्यालय.

अर्जदार : सौ. उषाबाई बद्रीनाथ पडोळ, वय ६७, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, रा. हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना.

विषय : कु. तृप्ती शिवाजी बरडे (जमात : भिल्ल) हिच्या घराची भेट पुन्हा होऊन वैधता दाखल्याचा निर्णय १९ सप्टेंबरच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या पथकाची दि. २० ऑगस्ट २०२५ रोजीची घरभेट.
२) त्या भेटीचा अहवाल, मुलीचे वडील शिवाजी बरडे यांना दि. २ सप्टेंबर रोजी मिळालेला.
३) अर्जदाराने दि. ३ सप्टेंबर रोजी आपल्या कार्यालयात येऊन तोंडी सांगितलेले म्हणणे, जे लिहून घेतले गेले नाही.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार ही हसनाबादच्या भिल्ल वस्तीवरील अंगणवाडीत बत्तीस वर्षे सेविका होती. कु. तृप्ती हिने पाटीवर पहिले अक्षर अर्जदाराचा हात धरून काढले. वस्तीवरून विज्ञान शाखेत बारावी झालेली ती पहिलीच मुलगी. प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले, अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर कृषी विद्यापीठात नंबर लागला, आणि दि. ४ ऑगस्टपासून ती तेथील आदिवासी विद्यार्थ्यांच्या सेतू वर्गात बसते आहे. प्रवेश तात्पुरता आहे. वैधता दाखला दिला तर पक्का, नाही तर रद्द. विद्यापीठाच्या साहाय्य कक्षातील मॅडमनी अर्जदारास फोनवर सांगितले, "मावशी, एकोणीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवते. त्याच्या पुढं माझे हात बांधलेले आहेत." आज नऊ तारीख आहे. अर्जदार रोज सकाळी कॅलेंडरासमोर उभी राहते आणि उरलेले दिवस पुन्हा मोजते. मोजून ते वाढत नाहीत, हे तिला कळते.

२. बरडे कुटुंबाकडे १९५० पूर्वीचा कागद नाही. तृप्तीचे पणजोबा शाळेत गेले नव्हते, त्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यामुळे त्यांचे नाव कोणी कुठे लिहिले नाही. म्हणून या प्रकरणाचा सगळा भार घरभेटीवर पडला. घरात जमातीच्या चालीरीती, देव, परंपरा दिसतात का, हे पाहण्यास आपले पथक येणार होते. येथपर्यंत कोणाची काही चूक नाही. यापुढे जे घडले ते अर्जदाराने केले आहे, आणि ते जसे घडले तसे सांगितल्याशिवाय अर्जदाराच्या घशाखाली घास उतरत नाही.

३. अर्जदार ही व्रतस्थ बाई आहे. हे मोठेपणा म्हणून सांगितलेले नसून पुढील प्रकार समजण्यास त्याची गरज आहे. यंदा आषाढी एकादशीला अर्जदाराने तृप्तीच्या प्रवेशासाठी देवापुढे नेम धरला की, चातुर्मास संपेपर्यंत सकाळच्या स्नानापासून दुपारी बारापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. अर्जदाराचे पती श्री. बद्रीनाथ यांनी त्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगितले, "चार महिने सकाळी घरात शांती राहणार. पोरीला नंबर लागो न लागो, माझं काम झालं." त्यांचा स्वभाव तसा आहे.

४. पथक येण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १९ ऑगस्टला, दुपारनंतर अर्जदार चुन्याची बादली घेऊन बरडे यांच्या घरी गेली. सरकारी माणसे येणार, घर नीट दिसावे, एवढाच हेतू. घरात तृप्तीची आजी गोजरबाई एकट्या होत्या. मागल्या भिंतीच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले तीन दगड होते. ते त्यांचे पूर्वज. दगडांपुढे वाळलेले रक्त आणि कोंबड्याची पिसे होती, बाजूला नैवेद्याच्या दारूची बाटली होती, आणि वर खुंटीला तृप्तीच्या पणजोबांचा तिरकामठा टांगलेला होता. अर्जदाराने बत्तीस वर्षांत हे शंभर वेळा पाहिले होते. त्या दिवशी मात्र ते साहेबांच्या डोळ्यांनी पाहिले आणि तिला धास्ती बसली. रक्त, बाटली, बाण. हे पाहून साहेब काय म्हणतील? असल्या घरातली पोरगी विद्यापीठात कशाला, असे मनात आणतील.

म्हणून अर्जदाराने बाटली उकिरड्यात टाकली. तिरकामठा गोणपाटात गुंडाळून आपल्या घरी नेला. तिन्ही दगड धुतले, पदरात घेतले आणि तेही नेले. देव म्हणून ते भुईवर ठेवता येईनात, तेव्हा आपल्या देवघरासमोर पाट मांडून त्यावर ठेवले. भिंतीला चुना दिला. कोनाड्यावर आपल्या घरची दत्ताची तसबीर लावली. दारात तुळशीची कुंडी आणून ठेवली. हे सर्व चालू असताना गोजरबाई उंबऱ्यावर बसून नुसत्या बघत होत्या. जाताना अर्जदार त्यांना म्हणाली, "आजी, उद्या तुम्ही काही बोलू नका. जे विचारतील ते मी बराबर सांगते."

५. पथकाने दुपारी दोनची वेळ कळवली होती. पथक आले दहा वाजून चाळीस मिनिटांनी. शिवाजीभाऊ मूग तोडायला गेले होते, दुपारपर्यंत परत येतो म्हणून. घरात दोनच बायका होत्या. एकीला बोलू नको म्हणून सांगितलेले आणि दुसरीचे मौन.

साहेबांनी गोजरबाईंना विचारले, "आजी, तुमचा देव कोणता?" गोजरबाईंनी अर्जदाराकडे पाहिले. साहेबांनी विचारले, "लग्नात तुमच्याकडं काय काय रीत असते?" गोजरबाईंनी पुन्हा अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने हात जोडले, घड्याळाकडे बोट दाखवले, बाराचा आकडा हवेत काढून दाखवला, साहेबांना बसण्याची खूण केली आणि राजगिऱ्याचे लाडू पुढे केले. साहेबांनी विचारले, "ह्या बाई मुक्या आहेत का?" त्याचेही उत्तर गोजरबाईंनी दिले नाही. अर्जदाराचे सांगणे त्या पाळत होत्या. जीपचा ड्रायव्हर दारातून म्हणाला, "साहेब, हितं सगळेच मुके दिसून राह्यले." अकरा वाजून पाच मिनिटांनी जीप गेली.

अर्जदाराने तेव्हा तोंड का उघडले नाही, असे आपण विचाराल. अर्जदार स्वतःला हे रोज विचारते. मौन मुलीच्या प्रवेशासाठी होते. मोडले तर प्रवेश जाईल असे वाटले आणि मोडले नाही म्हणून प्रवेश जाण्याची वेळ आली. यातले कोणते पाप मोठे हे अर्जदारास ठरवता येत नाही, आणि ते ठरवणे आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, याची तिला जाणीव आहे. बाराच्या ठोक्याला तिने आपल्या कार्यालयात फोन लावला. साहेब दौऱ्यावर होते. त्यानंतरही सहा वेळा लावला.

६. अहवालात लिहिले आहे : "घरात जमातीची परंपरा दर्शविणारी कोणतीही वस्तू आढळली नाही. दारात तुळस, भिंतीवर दत्ताची तसबीर. वृद्ध महिलेने उत्तरे देण्याचे टाळले. उपस्थित अन्य महिलेने हातवारे केले." यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. कोणाबद्दल तक्रार करावी अशी त्यात जागाच नाही, आणि त्यामुळेच अर्जदाराचा जीव थाऱ्यावर नाही.

७. दि. ३ सप्टेंबरला अर्जदार पहिल्या एसटीने आपल्या कार्यालयात आली आणि मौन सुटेपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, बाकावर बसून राहिली. लिपिक महोदयांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, तुम्ही मुलीच्या कोण?" अंगणवाडीच्या बाई, असे सांगितले. "मंग रक्ताच्या नात्यातल्या न्हाईत. तुमचं म्हणणं घेता येत न्हाई." अर्जदाराने हळू आवाजात विचारले की, रक्ताचे नाते नाही म्हणून माझे म्हणणे घेता येत नसेल, तर माझी तुळस अहवालात कशी घेतली? माझा दत्त कसा घेतला? त्यावर लिपिक महोदय म्हणाले, "त्या तुळशीवर तुमचं नाव लिहिलेलं न्हवतं, बाई." हेही खरेच आहे. अर्जदाराने कुंडीवर आता नाव घातले आहे, पण कुंडी आता अर्जदाराच्या दारात आहे.

८. अर्जदार तेथून निघून थेट गोजरबाईंकडे गेली आणि त्यांच्या पायाशी बसली. आपण घर रिकामे करत होतो तेव्हा तुम्ही अडवले का नाही, असे विचारले. गोजरबाई म्हणाल्या, "बत्तीस साल तू आमच्या लेकरांना खाऊ घातलं. तुला न्हाई कसं म्हणू? मला वाटलं, सरकारचाच असा कायदा आसंल, देव काढून ठिवायचा." मग त्यांनी विचारले, "आमच्या म्हाताऱ्यांना कुठं ठिवलं?" देवघरासमोर, पाटावर, रोज दिवा लावते, असे अर्जदाराने सांगितले. "आन् खायला?" साखर, दूध, सोमवारी साबुदाणा. गोजरबाईंनी कपाळाला हात लावला. "पंधरा दिस साबुदाणा! म्हातारे भुकेनं बोंबलले असतील गं!" असे म्हणून त्या हसल्या, आणि २० ऑगस्टपासून पहिल्यांदा अर्जदारही हसली. ही बाब प्रकरणाशी संबंधित नाही, तरी नोंद व्हावी.

९. दगड लगेच आणून देते, असे अर्जदार म्हणाली. गोजरबाई म्हणाल्या, "आसं न्हाई. ज्यानं उचलला त्यानंच बशिवला पायजे. कोंबडा बी त्यानंच आणायचा, त्यानंच धरायचा." अर्जदाराने आयुष्यात अंडेही शिवलेले नाही. तिने विचारले, मी आणून देते, शिवाजीभाऊ धरतील, चालेल का? चालणार नाही, असे उत्तर मिळाले. दिवस त्यांनी शनिवारचा सांगितला. शनिवारी ६ सप्टेंबर, म्हणजे अनंत चतुर्दशी, अर्जदाराचा कडक उपवास आणि पूजा. अर्जदाराने तेही सांगून पाहिले. गोजरबाई म्हणाल्या, "तुझा देव तुला एक दिस माफ करंल. माझा म्हातारा लई रागीट हाय."

अर्जदाराने पूजा पहाटे उरकली. वस्तीवरील अप्पाराव बरडे यांच्या खुराड्यातून तांबडा कोंबडा घेतला आणि तो काखेत धरून भर गावातून चालत गेली. चौकात लोक उभे राहून पाहत होते. श्री. बद्रीनाथ पाच पावले मागे राहून "आता काय काय बघायचं राह्यलं देवा" असे मोठ्याने म्हणत येत होते, परंतु दगडांची पाटी त्यांनीच डोक्यावर घेतली होती. अर्जदाराने तिन्ही दगड आपल्या हाताने कोनाड्यात बसवले, शेंदूर लावला, तिरकामठा खुंटीला टांगला. गोजरबाई त्यांच्या बोलीत पूर्वजांची नावे घेत होत्या. एकेक नाव घेऊन त्या थांबत, आणि अर्जदार ते वहीत लिहून घेई. अशी अकरा नावे झाली. समितीला पन्नास सालच्या आधीचे हवे होते. यातली आठ त्याच्या कितीतरी आधीची आहेत. मग कोंबडा धरला. त्यापुढील विधीबाबत अर्जदार शपथेवर काही सांगू शकत नाही, कारण तिने डोळे मिटले होते.

१०. तृप्तीला यातले काही माहीत नाही. परवा तिचा फोन आला होता. "बाई, सेतू वर्गात प्रत्येकाला आपापल्या बोलीत ओळख करून द्यायला लावली. मी उभी राह्यले आन् भिल्ल म्हणून सांगितलं. आजीला इचारून चार वाक्यं पाठ केल्ती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." शाळेत असताना ही मुलगी जात विचारली की फळ्याकडे बघायची. अर्जदाराने फोनवर "छान केलंस" एवढेच म्हटले आणि चहा उतू गेल्याचे सांगून फोन ठेवला. चहा ठेवलेला नव्हता. खोटे न बोलण्याचा नेम अर्जदाराकडून त्या दिवशी मोडला.

११. तरी विनंती की,

(अ) घरभेट पुन्हा व्हावी, आणि १९ तारखेच्या आत निर्णय मिळावा. वेळ कळवण्याची गरज नाही, कधीही यावे. गोजरबाई बोलतील. एकदा बोलू लागल्या की त्यांना थांबवणे अवघड जाते, त्यामुळे पथकाने वेळ हाताशी ठेवून यावे. भेट होईपर्यंत अर्जदार वस्तीवर पाऊल ठेवणार नाही.

(आ) अर्जदार रक्ताच्या नात्यातली नसली तरी तिचा जबाब साक्षीदार म्हणून घ्यावा. साक्षीदार म्हणून बसत नसेल तर दोषी म्हणून घ्यावा. कसल्याही रकान्यात चालेल.

(इ) नियमात यातले काहीच बसत नसेल आणि दाखला नामंजूरच करायचा असेल, तर निदान एवढे करावे. तृप्तीच्या पाठीवरची बहीण नववीत आहे. शिवाजीभाऊंच्या भावाची तीन लेकरे आहेत. उद्या ती अर्ज करतील तेव्हा आपले कार्यालय हाच अहवाल काढून दाखवील, की या घरात काही आढळले नाही. तेव्हा त्या ओळीच्या पुढे लाल शाईने लिहावे की, होते, पण ते उषाबाई पडोळ हिने आदल्या दिवशी उचलून नेले होते. मुलगी भिल्ल नाही असे कागदावर राहण्यापेक्षा म्हातारी सेविका मूर्ख होती असे राहिलेले बरे. त्यावर अर्जदाराची कसलीही हरकत राहणार नाही, आणि त्याखाली ती आपल्या हाताने सही करील.

कळावे, आणि लवकर कळवावे ही कळकळीची विनंती.

आपली नम्र अर्जदार,
उषाबाई बद्रीनाथ पडोळ
(सही)

गोजरबाई बरडे यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा : वरील मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे. साबुदाण्याचे लिहायला नको होते असे त्यांचे म्हणणे आहे.

हसनाबाद, दि. ९ सप्टेंबर २०२५

सोबत जोडले आहे :
१. घरभेटीच्या अहवालाची प्रत.
२. तात्पुरत्या प्रवेशाचे पत्र व साहाय्य कक्षाचे जागा धरून ठेवल्याचे पत्र.
३. बरडे कुटुंबाच्या अकरा पूर्वजांची नावे, गोजरबाईंच्या तोंडून ऐकून लिहिलेली. दोन नावांचा उच्चार अर्जदारास नीट जमला नाही, तेथे पेन्सिलीने खूण केली आहे.
४. छायाचित्रे तीन. पहिल्या दोनमध्ये कोनाडा व तिरकामठा. तिसऱ्यात कोंबडा धरलेली बाई ही अर्जदार आहे. तिच्या हातावर चौदा गाठींचा अनंताचा दोरा दिसतो. तो दोरा अर्जदाराचा आहे. कृपया तो बरडे कुटुंबाच्या नावे नोंदवू नये.