एकही डबा मागे ठेवला नाहीस

पलूस,
शुक्रवार, २ जानेवारी २०२६

प्रिय धैर्यशील,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही खोकी परवा संध्याकाळी पोचली. ट्रॅव्हल्सवाल्यानं उतरवायचे तीनशे मागितले, मी दोनशे टेकवले. काय काय आलं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गहाळ झालं नाही हे तुला कळेल. मला चांदीचं निरांजन. किमतीची चिठ्ठी तू फाडलीस, पण चांदीचा भाव मी पेपरात रोज बघते, चौदा हजारांच्या खाली ते येत नाही. संयोगिताला जांभळी साडी, सहा हजार दोनशे, हे तिनंच मोबाइलवर शोधून काढलं. तुझ्या आबांना चालायचे बूट, साडेचार हजार, खोक्यावरच छापलंय. राजनंदिनीला तुझा माउथ ऑर्गन. त्याच्यापुढं मी किंमत लिहिली नाही. आणि दुसऱ्या खोक्यात माझे डबे.

काल गुरुवार आणि इंग्रजी नवं वर्ष एकाच दिवशी आलं. सकाळी औदुंबरला जाऊन दत्ताला नारळ देऊन आले. संयोगिता पोरीला, राजनंदिनीला, घेऊन सांगलीहून आली होती. भरली वांगी, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर केली होती. खीर तुझ्यासाठी वेगळी काढायची सवय हाताला आहे, काढली आणि मग तशीच परत पातेल्यात ओतली. खोकी सगळ्यांसमोर फोडायची म्हणून बांधून ठेवली होती. फोडल्यावर घरात नुसता आनंद. तुझी बहीण साडी खांद्यावर टाकून आरशासमोरून हलेना. आबांनी बूट घातले, अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "पोरगं कमवायला लागलं की असं असतंय. आता लगीन करून टाकायचं ह्याचं." संयोगिता म्हणाली, "बोनस झालेला दिसतोय दादाचा. आणि आई, हे बघ, डबे! जन्मात पहिल्यांदा ह्यानं डबे परत केले गं. सुधारला!" सगळे हसले. मीही हसले असेन.

धैर्या, त्या खोक्यात माझे सगळे डबे होते. चिवड्याचा, चटणीचा, लाडवाचा उभा डबा, ज्याचं झाकण तू हरवलं म्हणून मला सांगितलं होतंस ते झाकणसुद्धा. पोचा पडलेला तो जर्मनचा छोटा डबा, तुझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी नेलेला, तो मी कधीच गेला म्हणून सोडून दिला होता. सगळे चिंचेनं घासलेले. कडेला कोरलेलं आबांचं 'लालासाहेब' हे नाव लख्ख दिसत होतं. आणि एकही रिकामा नाही. कुणात साखर, कुणात तांदूळ, जर्मनच्या डब्यात चार खडीसाखरेचे खडे. माझी शिकवण तू पाळलीस, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. पण त्या शिकवणीचा दुसरा भाग तू विसरला असशील असं मला वाटत नाही. तुझी आजी, मनुबाई, मला नवी नवरी असताना म्हणाली होती, "सगळी भांडी एकदम परत द्यायची न्हाईत गं पोरी. एक मागं ठिवायचं. भांडं तिकडं असलं की मानूस येतंय." तूच मला चिडवायचास ना, "आई, मी एक डबा मुद्दाम ठेवून घेतो, तुला मागायला निमित्त पाहिजे." या वेळी तू काहीच ठेवून घेतलं नाहीस. चार-चारदा खोकं तपासलं मी. कागदाच्या कपट्यांत हात घालून बघितलं. आपल्या घरातलं एकही भांडं आता तुझ्याकडं नाही.

मी कुणाला बोलले नाही. सणासुदीचं घर, आणि मी आधीच घरात शंकेखोर म्हणून प्रसिद्ध. म्हटलं, खोली आवरली असेल. म्हटलं, माझ्या कुरकुरीला कंटाळला असेल. देवाजवळ नव्या निरांजनात तूप घालून वात लावली, ती तीनदा विझली. वात ओली असेल, कापूस जुना होता, हेही मी मनाला सांगितलं.

मग जेवणं झाल्यावर राजनंदिनी वही घेऊन बसली. शाळेत निबंध दिलाय, 'माझ्या घरातील माणसांचे छंद'. प्रत्येकाला विचारत सुटली. आईचा छंद काय तर साड्या बघणे. आजीचा छंद हिशोब लिहिणे. मी म्हटलं, "अगं, तो छंद न्हाई, ते काम हाय," तर म्हणाली, "पण तू आवडीनं करतेस." आबांना विचारलं, ते काही बोललेच नाहीत, तर हिनं लिहून टाकलं, आजोबांचा छंद गप्प बसणे. काय हसलो आम्ही. आबासुद्धा. मग म्हणाली, "मामाचा काय लिहू?" संयोगिता म्हणाली, "लिही की, माउथ ऑर्गन वाजवणे." त्यावर पोरगी पेन्सिल तोंडात धरून म्हणाली, "पण तो तर आता माझ्याकडं आहे. मग मामा काय वाजवणार?"

संयोगितानं विषय बदलला. पण मी बघितलं, आबांच्या हातातली सुपारी तशीच राहिली होती.

तो बाजा आबांनी तुला मिलिटरी कॅन्टीनमधून आणला तेव्हा तू तिसरीत होतास. तोंडाला लावायची वस्तू, उष्टी होते, म्हणून तू सख्ख्या बहिणीलाही हात लावू दिला नाहीस. ती रडली, मार खाल्लास, तरी दिला नाहीस. शिरवळला नोकरीला गेलास तेव्हा उशीखाली ठेवायला सोबत नेलास. आणि आता गरम पाण्यानं धुऊन, नव्या रुमालात गुंडाळून भाचीला दिलास. पोरगी दुपारभर तो वाजवत घरात फिरत होती. सगळे कौतुकानं ऐकत होते, आणि मला वाटत होतं की कुणीतरी तो तिच्या हातातून घ्यावा.

मला सगळं मागचं एकेक करून दिसायला लागलं. महिनाभर तू फोनवर चटणी मागितली नाहीस. गेल्या रविवारी विचारलंस, "तुझ्या गुडघ्याची औषधं कोण आणतं?" मी म्हटलं आबा आणतात, तर म्हणालास, "संयोगितालाही नाव लिहून दे, असू दे दोघांकडं." मला बरं वाटलं होतं, पोराला काळजी आहे म्हणून. मी फोन केला की तू "बरंय आई, ड्युटीवर आहे" म्हणतोस, आणि त्या 'बरंय'पुढं मला काही विचारताच येत नाही. म्हणून हे पत्र. कागदावर तू मला मधेच तोडू शकत नाहीस.

दिवाळीत तू आलास तेव्हा पाडव्याच्या ताटावरून उठलास. मागच्या दारी मी आले, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "आई, त्या दिवशी बटण माझ्या हाताखाली होतं." आकाराम तुझ्याबरोबर कारखान्यातल्या त्या प्रेस मशीनवर होता, तुझ्याच ताटात जेवणारा. तो आत साफ करत होता, त्यानं हात वर केला, तुला वाटलं 'चालू कर' म्हणतोय. चौकशी झाली, तुझा दोष निघाला नाही, कागद मिळाला. आम्हाला वाटलं मिटलं. कागदानं तुझं काय मिटणार होतं? आबा दारात उभे होते, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "फौजेत असलं लय बघितलंय. मनाला लावून घ्यायचं न्हाई. चल, जेव." तू खाली मान घालून जेवलास. मी तुला वाढत राहिले. तेव्हा ताट बाजूला सारून तुझ्याजवळ बसायला हवं होतं एवढं मला आता कळतं.

काल दिवेलागणीला अंजनाचा फोन आला. आकारामची बायको माझा नंबर कुठून शोधते, मला आधी कळेना. भ्यालेल्या आवाजात म्हणाली, "आवं काकू, दादांनी त्यांची मोटारसायकल आणून दारात लावली. कागदं पण माझ्या भावाच्या नावावर केली. मी नको म्हटलं तर म्हणाले, मला आता लागणार न्हाई. काकू, ते कुठं लांब निघालेत का? मला काय बरं दिसंना त्यांचं." पोरीनं स्वतःचा नवरा घालवलाय, आणि ती तुझ्यासाठी घाबरली होती. तुझ्यावर तिचा राग नाही, धैर्या. हे तिनं मला दोनदा सांगितलं, तुला सांगायची तिला संधी तू दिली नाहीस.

फोन ठेवला आणि मी सगळ्यांसमोर बोलले. डबे, बाजा, गाडी. संयोगितानं साडी घडी करून ठेवली. आबा उठून म्हणाले, "मी जेव म्हणालो त्याला. असं कसं म्हणालो मी?" कराडहून पुढं तुझ्याकडं यायला रात्री गाडी मिळणार नव्हती. मग मी तुझ्या घरमालकांना, बाळासोंना, फोन लावला. काल रात्री ते बायकोशी भांडण झालं म्हणून उशी घेऊन तुझ्या खोलीत झोपायला आले ना? भांडण झालेलं नाही. त्यांच्या बायकोनंच वरून दोन पोळ्या बांधून दिल्या असतील. मी त्यांना म्हटलं होतं, त्याच्याजवळून हलायचं नाही, मग तो काही म्हणू दे. त्यांच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर चीड.

आता सरळ विचारते, कारण आडून विचारायचे दिवस गेले. तू जीव द्यायचं मनात धरलंयस का? असेल तर मला कळू दे. मी ओरडणार नाही, देवाची शपथ घालणार नाही, नशिबाला दोष देणार नाही. जे आहे ते ऐकून घेईन, कितीही वेळ लागू दे. संयोगितानं सांगलीत मनाचे डॉक्टर बघून ठेवलेत, तू, मी आणि आबा, आपण तिघं जाऊ. त्यांची फी मी देणार, आणि ती हिशोबात लिहिणार नाही. मी स्वतः आले असते, पण मी आले की रडेन, आणि तू मला समजावत बसशील, तुझं तसंच राहील. शिवाय या वेळी आबांनीच यायला हवं होतं, हे त्यांनाही पटलंय. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ते ज्यांनी तुझ्या हातात दिलं ते तुझ्यासमोर आहेत, तू दिलेले बूट घालून. एस.टी.त वाटभर तुझ्याशी काय बोलायचं ते घोकत आले असतील. आयत्या वेळी विसरतील, फौजी माणूस, ताठ उभे राहतील नुसते. राहू दे उभे. तूच त्यांना बसा म्हण. त्यांच्या पिशवीत जर्मनचा डबा आहे, शेंगदाण्याच्या चटणीनं भरलेला, झाकण घट्ट बसवलंय. तो डबा आता तुझा, तो परत करायचा नाही. उत्तर मात्र उलट टपाली पाहिजे, आणि तुझ्यापुढचं हे टपाल उत्तर घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. लिहायला सुचलं नाही तर लिहू नकोस. त्यांच्याबरोबर तूच ये. संध्याकाळची गाडी कितीही उशिरा आली तरी मी भाकरी थापायला तुमची वाट बघत बसलेली असेन.

तुझीच,
आई