पुण्याला गेलेली बाई

आई, मी पुण्याला गेलेच नव्हते. सोसायटीत सगळ्यांना सांगितलं होतं की लेकीकडे चाललेय, महिनाभर तरी येणार नाही. आणि नाशिकरोडच्या माझ्याच घरात पडदे ओढून बसले होते. दिवा नाही, टीव्ही लावला तर आवाज बंद, नळसुद्धा हळू सोडायचे. बँकेत माझ्या केबिनमध्ये शिरण्याआधी माणसं शर्टाचं बटण लावून घ्यायची, आणि तीच मी स्वतःच्या घरात चोरासारखी चवड्यांवर चालत होते. लिहितानाही कान गरम होताहेत.

निवृत्तीनंतर हळूहळू सकाळी उठावंसंच वाटेना. रात्री झोप नाही, दिवसा डोळे उघडत नाहीत, अंघोळ उद्या करू म्हणत राहून जायची. शेवटी मनाच्या डॉक्टरकडे गेले, तेही ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून रिक्षा करून पार अंबडला. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाचा. गोळी लिहून दिली आणि म्हणाला, "रोज चाला, वेळेवर जेवा, झोपताना मोबाइल लांब ठेवा, दिवसातून एकदा तरी कुणाशी बोला." मी म्हटलं, "हे मला शाळेत नन्सनी शिकवलंय. तुम्ही नवीन काय सांगताय?" तो शांतपणे म्हणाला, "मग करत का नाही?" असा संताप आला! त्याच संध्याकाळी मी पुण्याची थाप मारली. गोळ्या घेत होते, पण चालायला जायचं म्हणजे लिफ्टमधल्या बायका आल्या. "मॅडम, किती वाळलात हो!" त्यांना काय सांगणार होते? डोकं ठिकाणावर नाही म्हणून?

तुझी आठवण त्या बंद घरातच आली. नोटांच्या प्रेसच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. तू कपाळाला फडकं घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडलीयेस. शेजारच्या काकू आपल्या परातीत कणीक मळताहेत, वरच्या मावशी तुला उठवून बसवून तुझी वेणी घालताहेत. मी शाळेतून येते, सोबत मैत्रीण आहे, तिला हे दिसू नये म्हणून पटकन दार लोटते. तू तशातही ओरडतेस, "दार कशाला लावलंस गं? बाई पडलीय घरात, चोरी नाही केलेली." काकू हसतात, "हिच्या इंग्रजी शाळेत कुणी पडतच नसेल!" तुझं दुखणं नुसतं डोक्याचं नव्हतं, हे मला आता कळतंय. तुझ्यापाशी त्याला नाव नव्हतं, गोळी नव्हती. बायका येत होत्या, तू येऊ देत होतीस.

मी रोज पातेल्यात भात शिजवायचे, कुकरचा आवाज नको म्हणून. काल विसरले, खिचडीला कुकर लावला. शिट्टी झाली आणि पाठोपाठ बेल वाजली. शेजारच्या भाभी. मूळच्या मालेगावच्या. आमचं आजवरचं बोलणं म्हणजे पार्किंगवरची भांडणं.

"मॅडम, पुण्याचा कुकर इथपर्यंत ऐकू येतो होय?"

मी दाराला कान लावून उभी.

"उघडा ना. मी काय खाणार नाय तुम्हाला. खिचडी खाईन."

उघडलं. अंगात चुरगळलेला गाऊन, केसांच्या जटा. त्यांनी नखशिखांत पाहिलं.

"गुडघे," मी म्हटलं. "गुडघे धरलेत."

"बरं. गुडघे तर गुडघे. वाढा." जेवून ताट घासून ठेवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "सकाळी येते. कोपऱ्यापर्यंत चालू."

आज सकाळी खरंच आल्या. लिफ्टमध्ये नेमक्या त्याच दोघी. "अय्या, पुण्याहून कधी आलात?" मी तोंड उघडलं, खोटं जिभेवर तयार होतं. भाभी वर पंख्याकडे बघत राहिल्या.

"गेलेच नव्हते," मी म्हटलं. "बरं नव्हतं. मनाचं. औषध चालू आहे."

तळमजला आला. त्यातली एक बाहेर पडताना हळूच म्हणाली, "डॉक्टर चांगला आहे का हो?" तिच्या आवाजावरून कळलं, ती माझ्यासाठी विचारत नव्हती.

रस्त्यावर भाभींना म्हटलं, "गुडघ्यांचं खोटं होतं."

"माहीत होतं. गुडघेवाला माणूस अंघोळ करतो, मॅडम."

मी भररस्त्यात त्यांचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता म्हणून. मग ओलांडून झाला, तरी सोडला नाही.

लाज गेलीय असं समजू नकोस. पुण्याला लेक आहे, रोज फोन करते, आणि मी रोज तिला सांगते की मी मजेत आहे. तुला लिहिणं सोपं आहे, तू भिंतीवरच्या फोटोत, उलट काही विचारत नाहीस. खरं सांगू? हा कागद मी तिला लिहायला घेतला होता.