मोठ्या जावयाचं लिनक्स

२२ मार्च, बिश्केक
काल नोरूझच्या सणाला सासुरवाडीला, तोकमोकला गेलो होतो. मेंढीच्या छातीचं हाड जावयाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मोठा जावई मी. हाड पडलं बेक्तुरच्या ताटात! बेक्तुर म्हणजे माझा साडू, धाकट्या मेरिमचा नवरा. का, तर त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडून वारलेल्या सासूबाईंचे जुने फोटो दाखवले आणि म्हातारा सासरा रडला. मला मानेचा तुकडा. चघळत बसलो.

त्याच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स आहे म्हणे. चहाचं पाणी उकळायच्या आत सुरू होतो, असं सासरे शेजाऱ्यांना सांगत होते. मला मत्सर वगैरे काही नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा करतात.

२४ मार्च
ठरलं. मीही लिनक्स टाकणार. ३ मेला सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. घराण्याची फिल्म मी दाखवीन, असं फोन करून सांगून टाकलं. सासरे म्हणाले, बेक्तुर आहे ना? मी म्हणालो, मी पण आहे. ते म्हणाले, हो, ते आहेच.

२९ मार्च
बसलं! विंडोजला धक्का न लावता. लोक उगीच बाऊ करतात. शाळेत सगळ्या शिक्षकांना सांगितलं. मी भूगोलाचा; गणितवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

एक किरकोळ बाब. वाय-फाय चालत नाही. त्याला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. ड्रायव्हर इंटरनेटवर. इंटरनेट वाय-फायवर. विहिरीचा दोर विहिरीत.

२ एप्रिल
अजून वाय-फाय नाही. जाझगुल म्हणाली, बेक्तुरला एक फोन केलात तर जीभ झिजेल का? मी म्हणालो, बायकोने नवऱ्याची बाजू घ्यावी. ती म्हणाली, घेतेच आहे.

संध्याकाळी ती बहिणीकडे, मेरिमकडे, जर्दाळूचा मुरंबा द्यायला गेली. एवढी मोठी पिशवी कशाला, विचारलं. म्हणे, बरण्या जड असतात.

३ एप्रिल
वाय-फाय चालू! काही केलं नाही. फक्त परवा दोन-चार वेळा बंद-चालू करून दम दिला होता. यंत्राला माणूस कळतो. बेक्तुरला चार पुस्तकं वाचावी लागली असतील.

११ एप्रिल
फिल्म अडकत अडकत चालते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलायला हवा. रशियन फोरमवर एकाने लिहिलं होतं, तसं टाइप केलं. त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, असं अजिबात करू नका. ते नंतर वाचलं.

स्क्रीन काळी.

१२ एप्रिल
काळीच. मेरिमच्या वाढदिवसाला गेलो. बेक्तुरने हसून विचारलं, दादा, लिनक्स काय म्हणतंय? मी म्हणालो, लोण्यासारखं चाललंय. तो 'वा' म्हणाला. त्या 'वा'मध्ये काहीतरी होतं. मला हा माणूस आवडत नाही. केसही अजून सगळे आहेत त्याला.

१४ एप्रिल
जाझगुल पुन्हा मुरंबा घेऊन गेली. या बहिणींना साखर होणार.

१५ एप्रिल
स्क्रीन आली! फिल्म झुळझुळ चालते, आवाजासकट. मी हात लावला नव्हता, म्हणजे आधी जे टाइप केलं होतं ते मुरायला वेळ लागला. फोरमवरच्या दुसऱ्या माणसाला काही कळत नाही.

आता काही नवीन टाकायला गेलं, की अधिकार नाही म्हणून अडवतं. सुरक्षा कडक दिसते. चांगलंच आहे.

१ मे
मेरिम बोलता बोलता म्हणाली, ह्यांना कुणाचाही लॅपटॉप उघडता येतो. अस्सं! घातपाताची तयारी. ताबडतोब पासवर्ड बदलला, आणि चक्क किरगीझ अक्षरांत. छातीच्या त्या हाडाचं नाव ठेवलं. आता ये म्हणावं.

परवा हाड माझं. जाझगुलला तसं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, भारावली असावी.

४ मे
काल.

साठ माणसं. तळलेले बोर्सोक, घोडीच्या दुधाचं कुमिस, सगळं झालं. सासऱ्यांनी मला हाक मारली. टेचात उठलो. लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. चहाचं पाणी उकळायच्या आत सुरू झाला, हे मुद्दाम मोठ्याने म्हणालो.

पासवर्ड घेईना. त्या पहिल्या पडद्यावर कीबोर्ड फक्त इंग्रजी. किरगीझ अक्षर उमटायला मार्गच नाही. पुन्हा पुन्हा बडवत राहिलो. थोरले चुलतसासरे म्हणाले, जावईबापू, धक्का मारायला माणसं पाठवू का? पंगतभर हशा.

मग बेक्तुर जवळ आला आणि हळूच म्हणाला, दादा, खालच्या नावाने उघडू या.

तोवर मी खाली पाहिलंच नव्हतं. वर माझं नाव. त्याखाली, टीव्हीवर हातभर मोठ्या अक्षरांत, 'बेक्तुर'. माझ्या लॅपटॉपवर! साठ माणसांनी वाचलं. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फिल्म उत्तम चालली. सासूबाई पडद्यावर आल्या आणि म्हातारा रडला.

हाड बेक्तुरच्या ताटात पडलं. त्याने ते उचलून माझ्या ताटात ठेवलं आणि म्हणाला, मान मोठ्या जावयाचा. सासरे दुसरीकडे बघत राहिले. साठ माणसांदेखत मी ते खाल्लं. सहा आठवडे ज्याच्यासाठी जीव टाकला, ते मानेच्या तुकड्यासारखंच चघळत बसलो.

गाडीत जाझगुलला विचारलं, मुरंबा? ती म्हणाली, बरण्या कधी नव्हत्याच. तुमचं हसं होऊ नये म्हणून लॅपटॉप बेक्तुरकडे नेत होते. तुम्ही पुन्हा ड्रायव्हर उडवाल, म्हणून सगळे अधिकार त्याने स्वतःच्या नावावर घेतले. पासवर्ड बदलाल, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

 

६ मे
विंडोजवर परत आलो. भूगोलाच्या माणसाला पुरे.

तरी लॅपटॉप चालू केला, की तो आधी विचारतोच: कुठे जायचं, विंडोज की लिनक्स? चुकून लिनक्सवर गेलो, तर ते नाव समोर. पुसायचंय. पुसायला लागलो, तर अधिकार मागतो.

बेक्तुरचा.

जाझगुलला म्हणालो, मेरिमकडे मुरंबा पाठवायचा होता का? ती म्हणाली, या वेळी तुम्ही घेऊन जा.