टीम माझ्यावाचून चालते

३ मार्च, सकाळी ७.१०
देवेश सर पुण्याला चालले. सर्व्हिस मॅनेजरची खुर्ची रिकामी. अंधेरीच्या ऑफिसात लिफ्टच्या तक्रारींचा फोन मी चौदा वर्षं सांभाळतोय, म्हणजे खुर्ची माझीच. इंटरव्ह्यू नावापुरता. श्रुतिकानेही अर्ज केलाय. तिला नोकरीला लागून तीनच वर्षं झालीत. तिला अनुभव मिळेल, बरंच आहे.
आजपासून पहाटे पाचला उठणे. (आज सातला उठलो, पण ठराव उठल्यावर झाला.)

५ मार्च
लीडरशिपचा ऑनलाइन कोर्स लावला. धडा पहिला: लीडर स्वतः काम करत नाही, करवून घेतो. हे मला उपजतच येतं. टेक्निशियनच्या ड्युट्या, पार्ट्सची यादी, सगळं श्रुतिकाकडे दिलं. तिने विचारलं, मग तुम्ही काय करणार? म्हटलं, व्हिजन.
बायकोलाही सांगितलं. प्रेमा म्हणाली, व्हिजन झालं की गॅसचा नंबर लाव.

९ मार्च
पाचला उठलो. अलार्म बंद केला.

११ मार्च, दुपारी
टीमपुढे भाषण. विषय, ऐकण्याची कला. व्यत्यय नको म्हणून तक्रारींचा फोन सायलेंट करून ड्रॉवरमध्ये टाकला. टेक्निशियन नंदूने डोळे मिटून ऐकलं. मालवणी माणूस, एकाग्रता दांडगी. मध्येच ड्रॉवर घरघरायला लागला. श्रुतिका उठली, फोन घेऊन बाहेर गेली, पाठोपाठ नंदूही. शिस्त नाही.

११ मार्च, संध्याकाळी
बोरिवलीच्या एका सोसायटीत शांताबाई नावाच्या बहात्तर वर्षांच्या बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. वॉचमनने नऊ वेळा फोन केला म्हणे. श्रुतिकाने नंदूला पिटाळलं आणि तो पोचेपर्यंत बाईंशी मोबाइलवर बोलत राहिली. बाई सुखरूप.
मी बोटही न लावता टीमने प्रसंग सांभाळला. डेलिगेशन यालाच म्हणतात. नंदू म्हणाला, भाषण अर्ध्यार रवला ता बरा झाला. मालवणीत कौतुक असंच करत असावेत.

१६ मार्च
इंटरव्ह्यू झकास. सरांनी विचारलं, तुमचं सर्वात मोठं यश कोणतं? म्हटलं, टीम माझ्यावाचून चालते. सर म्हणाले, ते आमच्याही लक्षात आलंय. वहीत लिहूनसुद्धा घेतलं.
पेढे सांगून ठेवले.

१९ मार्च
श्रुतिका मॅनेजर झाली. पेढे आलेच होते, ते वाटले. सगळे म्हणाले, काय मोठं मन आहे मार्तंडचं.
मग तिने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, सल्ला हवा असेल. म्हणाली, शांताबाई त्या दिवसापासून चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. जिना गुडघ्यांना झेपत नाही आणि लिफ्टची धास्ती बसलीय. उद्या जा, माफी मागा, त्यांना खाली घेऊन या. म्हटलं, नंदूला पाठवू. ती म्हणाली, फोन ड्रॉवरमध्ये नंदूने नव्हता टाकला.

२० मार्च
गेलो. धैर्य आणि बदल यावर चार वाक्यं पाठ केली होती. शांताबाईंनी आधी चहा दिला, मग चपला घातल्या. म्हणाल्या, येते, पण हात सोडायचा नाही.
लिफ्टचं दार मिटलं आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की चारही वाक्यं गेली. दुसऱ्या मजल्यापाशी हळूच म्हणाल्या, त्या दिवशी दिवाही गेला होता. मला वाटलं, आता कुणी येत नाही.
फोन कुणाकडे होता ते सांगितलं. चुकलं माझं, म्हटलं. त्यांनी मनगट सोडलं नाही.
खाली त्यांनी मेथीची जुडी घेतली. वर आलो. नुसत्या सरावासाठी पुन्हा एकदा खाली-वर केलं.
दारात विचारलं, आता ऑफिसात काय करता? म्हटलं, फोनच घेतो. म्हणाल्या, मग इथे काय उभे आहात, वाजत असेल तो.